सोंड, जोंधळा आणि नाव : सोंडकिड्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास

१/
इंदापूर तालुक्यातल्या आमच्या घरी उन्हाळ्यात जोंधळ्याला ऊन देण्याचा एक दिवस ठरलेला असे. आजी अंगणात चवाळे अंथरी, कणगीतला जोंधळा त्यावर पसरी आणि आम्हा मुलांना राखण बसवी. ऊन चढले की दाण्यांतून तांबूस-काळे, तांदळाच्या कणीएवढे किडे बाहेर पडून चवाळ्याच्या कडेकडे धावू लागत. आजी त्यांना 'सोंडे' म्हणे. एकदा एक किडा बोटावर घेऊन पाहिला, तेव्हा त्या नावाचा उलगडा झाला. तोंडाच्या जागी खरोखरच एक बारीक, वाकडी सोंड होती.

आजचा धागा त्या सोंडेचा आहे. किड्यांना नावे कोणी दिली, ती कुठे चुकली आणि चुकलेल्या नावाची किंमत कोणाला मोजावी लागली, याचा हा इतिहास. त्यात इंदापूर आणि बारामती दोन्ही येतात.

२/
प्रथम या मंडळींचा पसारा पाहू. सोंडकिडे हे भुंगेऱ्यांच्या गणातले. जगभरात त्यांच्या सुमारे ६२,००० जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. नोंद न झालेल्या धरल्या तर खरी संख्या दोन लाखांच्या वर जाईल, असा २००७ मधील एका महत्त्वाच्या आढाव्याचा अंदाज आहे. तुलनेसाठी : जगातले सगळे पक्षी मिळून सुमारे ११,००० जाती भरतात आणि सस्तन प्राणी साडेसहा हजारांच्या आसपास.

त्याच आढाव्याने या पसाऱ्याची सात कुले मानली. त्यांतले 'कर्क्युलिओनिडी' हे एकच कुल पन्नास हजारांहून अधिक जातींचे आहे. सजीवांच्या वर्गीकरणात जाती, तिच्या वर वंश, त्याच्या वर कुल आणि त्याच्या वर गण अशी उतरंड असते. पुढे हे शब्द वारंवार येतील, म्हणून येथेच सांगून ठेवतो.

३/
ही सोंड म्हणजे हत्तीसारखी हवेची नळी नव्हे. ते डोक्याचेच पुढे वाढलेले हाड समजा. तिच्या टोकाला चावणारे जबडे असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत सोंडेच्या दोन्ही बाजूंना कोपरातून दुमडल्यासारख्या मिशा असतात. मादी या सोंडेने दाण्याला, कोंबाला किंवा फळाला भोक पाडते, त्यात अंडे घालते आणि धान्यातल्या सोंडकिड्याची मादी तर ते भोक चिकट द्रवाने बुजवूनही टाकते. आतली अळी बिनपायाची असते. तिला चालायचे नसतेच. तिचे घर आणि तिचे अन्न एकच.

म्हणूनच वरून धडधाकट दिसणारा दाणा आतून पोकळ निघतो. किडा दिसतो तोवर नुकसान होऊन गेलेले असते.

४/
झाडाचा जवळपास प्रत्येक अवयव या सोंडेने गाठला आहे. आपल्याच परिसरात पाहा. जोंधळ्यात आणि तांदळात एक सोंडकिडा. त्याचाच जवळचा भाऊबंद चिंचोक्यात. आंब्याच्या कोयीत तिसरा. नारळाच्या शेंड्यात शिरून माड मारणारा सोंड्या भुंगा चौथा, केळीचा कंद पोखरणारा पाचवा. कपाशीपासून बाजरीपर्यंत अनेक पिकांची पाने कडेने कुरतडणारे करडे सोंडे आणखी वेगळे.

यांतले बहुतेक आपापल्या झाडाशी बांधलेले आहेत. चिंचोक्यातला सोंडकिडा कोयीत जात नाही आणि कोयीतल्याला जोंधळ्याशी कर्तव्य नाही. हा नेमकेपणा ध्यानात ठेवा. धाग्याच्या शेवटी सगळे त्यावरच येऊन ठरणार आहे.

५/
एक उदाहरण वारीच्या वाटेवरचे. तुकोबारायांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पुढे पंढरीला जाते आणि आषाढी एकादशीला घरोघरी रताळी शिजतात. त्यांतले एखादे कडूजहर निघते आणि खाणारा तोंड वाकडे करतो. तो कडूपणा बऱ्याचदा सोंडकिड्याचा प्रसाद असतो. अळी आत शिरली की रताळे स्वसंरक्षणासाठी कडू द्रव्ये तयार करते.

हा रताळ्यातला किडा लांबट, निळसर-काळा आणि तांबडा, दिसायला चक्क मुंगीसारखा. त्याचे शास्त्रीय नावही मुंगीवरूनच पडले आहे. जोंधळ्यातल्या सोंडकिड्याचे कुल वेगळे, याचे वेगळे. एकाच स्वयंपाकघरात दोन कुले नांदत असतात आणि आपण दोघांनाही 'कीड' म्हणून मोकळे होतो.

६/
आता इतिहासाकडे. माणसाने धान्य साठवले आणि सोंडकिडा त्याच्या घरी राहायला आला. इजिप्तमध्ये सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली धान्यातला सोंडकिडा सापडला आहे. रोमन लोक त्याला 'कर्क्युलिओ' म्हणत. प्लॉटसच्या एका नाटकात दुसऱ्यांच्या ताटावर जगणाऱ्या पात्राचे हेच नाव आहे.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वॅरो या रोमन लेखकाने शेतीवर ग्रंथ लिहिला. जमिनीखालच्या खड्ड्यांत साठवलेला गहू पन्नास वर्षे टिकतो, कारण हवा जेथे पोहोचत नाही तेथे कर्क्युलिओ होत नाही, अशा आशयाचे विवेचन त्याने केले आहे. हे वाचताना दख्खनच्या माणसाला एकच शब्द आठवेल : पेव.

७/
पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, सोलापूर आणि नगरकडे जोंधळा पेवात ठेवीत. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद अशी कोठी. तोंड बंद केले की आतले धान्य आणि किडे मिळून प्राणवायू वापरून टाकतात, कर्बवायू साचतो आणि किड्यांची वाढ थांबते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हा जुन्या माणसांचा दंडक याच वायूमुळे. तो न पाळल्याने माणसे दगावली आहेत.

याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत डेक्कन कॉलेजच्या उत्खननाने धान्यकोठार उजेडात आणले. त्यातही जमिनीतल्या कोठ्या होत्या. साधारण तीन हजार वर्षांचा हा व्यवहार आहे. अवर्षणाच्या मुलुखात साठवलेला दाणा हाच विमा आणि सोंडकिडा हा त्या विम्याचा चोर.

८/
१७५८ मध्ये स्वीडनच्या कार्ल लिनियसने प्राण्यांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत लागू केली. सोंडकिड्यांसाठी त्याने रोमन शेतकऱ्यांचाच शब्द घेतला आणि 'कर्क्युलिओ' हा एकच मोठा वंश केला. आपल्या जोंधळ्यातल्या किड्याला त्याने १७६३ मध्ये तांदळावरून 'ओरायझी' हे जातीचे नाव दिले.

मात्र याच वंशात त्याने कडधान्यातला भुंगेराही घातला. मूग, चवळी, हरभरा यांना गोल भोके पाडणारा तो बुटका किडा आजच्या वर्गीकरणानुसार सोंडकिडा नाही. तो पाने खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुलात बसतो. इंग्रजीत अजूनही दोघांना एकाच शब्दाने ओळखतात. आपल्याकडे तांदळातले ते 'सोंडे' आणि कडधान्यातले ते 'भुंगेरे' असा भेद बोलीत आहे. सोंड आहे की नाही, एवढे पाहून तो केलेला असावा, आणि तो बरोबर निघाला.

९/
लिनियसच्या एका वंशात सगळे कोंबणे लवकरच अशक्य झाले. वसाहतींतून नमुन्यांच्या पेट्या युरोपात येऊ लागल्या. तेव्हा हे काम अंगावर घेतले ते कार्ल योहान शोनहेर या स्वीडिश गृहस्थाने. हा मूळचा रेशमाच्या धंद्यातला व्यापारी. पुढे व्यवसायातून बाजूला होऊन त्याने सोंडकिड्यांनाच वाहून घेतले. १८३३ ते १८४५ या काळात, सहकाऱ्यांच्या मदतीने, त्याने सोंडकिड्यांच्या वंशांचा आणि जातींचा आठ खंडांचा ग्रंथ पुरा केला.

धान्यातल्या सोंडकिड्यांसाठी 'सायटोफिलस', म्हणजे धान्यप्रेमी, हा वंश त्यानेच १८३८ मध्ये वेगळा काढला. आपल्याकडच्या करड्या सोंड्यांचा 'मायलोसेरस' हा वंशही त्याचाच. गंमत अशी की 'कर्क्युलिओ' हे मूळ धान्यकिड्याचे नाव आज सुकामेव्याच्या फळांत राहणाऱ्या सोंडकिड्यांकडे गेले आहे. ज्याचे नाव होते त्याच्याकडेच ते उरले नाही.

१०/
शोनहेर स्वीडनमध्ये किड्यांच्या प्रती लावीत होता, नेमक्या त्याच दशकात इंदापूरच्या शिवारात दुसरे एक वर्गीकरण चालू होते. ते किड्यांचे नव्हते, मातीचे होते. सोंडकिड्यांच्या धाग्यात ते सांगण्याचे कारण असे की चुकीच्या वर्गीकरणाने माणसांचे काय होते, हे इंदापूरइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला सारा ठरवायचा होता. १८२०च्या दशकाच्या अखेरीस आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे भागाची पाहणी केली. त्याची दृष्टी त्या काळच्या इंग्रजी अर्थशास्त्राची होती. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ५५ टक्के भाग सरकारने घ्यायचा.

११/
कागदावर हे निर्दोष होते. पण निव्वळ उत्पन्नाचा आकडा शेतात दिसत नाही. तो हिशेबातून काढावा लागतो आणि हिशेब करणारे हाताखालचे कारकून होते. मापे चुकली, प्रती चुकल्या, लाचेने काहींच्या हलक्या झाल्या तर काहींच्या भारी. त्यात पावसाने दगा दिला. इंदापुरात जमिनी पडीक पडल्या, लोक गावे सोडून गेले.

दोष वर्गीकरण करण्यात नव्हता. पाहता न येणाऱ्या गोष्टीवर वर्ग उभे केले, यात होता.

१२/
१८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापुरातच नव्याने काम सुरू केले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल तेवढेच मोजले : मातीचा रंग व पोत आणि तिची खोली. या पद्धतीला पुढे जे पक्के रूप आले, त्यात प्रत लावणारा माणूस शेताचे चौकोनी भाग पाडी, प्रत्येक भाग तपासी आणि चुनखडी, वाळू, उतार, पाणथळ असा जो दोष आढळेल त्याची खूण नकाशावर करी. जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली गेली.

१८३६ मध्ये इंदापूरला तीस वर्षांचा सारा ठरला. पुढे मुंबई इलाख्याची सगळी पाहणी याच नमुन्यावर झाली. आज सातबारा पाहताना ज्या मोजणीची परंपरा आपल्यापुढे येते, तिचा उगम या तालुक्यात आहे.

१३/
येथे गोष्ट संपवली तर ती फसवी ठरेल. तीस वर्षे सरली आणि १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात फेरपाहणी झाली. प्रती लावण्याची रीत तीच राहिली, पण दर चढले. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती, सावकाराचे कर्ज फुगले होते. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे. दख्खनच्या दंग्यांची ती पहिली ठिणगी.

म्हणजे वर्गीकरणाला दोन प्रश्न विचारावे लागतात. ते जवळून पाहून केले आहे का? आणि ते कोणाच्या, कशासाठी उपयोगी पडते आहे? हे दोन प्रश्न हातात घेऊन आता पुन्हा किड्यांकडे वळू.

१४/
जोंधळ्यातल्या आणि मक्यातल्या सोंडकिड्याचे उदाहरण घ्या. मोत्चुल्स्की या रशियन कीटकशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये 'झीमेस', म्हणजे मक्याचा, अशी एक वेगळी जाती सांगितली होती. पण दोघेही दिसायला सारखेच. तोच आकार, पंखकवचांवर तेच चार फिकट तांबूस ठिपके. त्यामुळे कित्येक दशके बहुतेक अभ्यासक दोघांना एकच जाती मानत राहिले. फार तर 'लहान वाण' आणि 'मोठा वाण' म्हणत.

१९५९ मध्ये अमेरिकेतील फ्लॉइड आणि न्यूसम यांनी संकराचे प्रयोग करून दाखवले की या दोन निराळ्या जाती आहेत. १९६१ मध्ये गिलेर्मो कुशेल याने कोणते जुने नाव कोणाचे, हा गुंता सोडवला. खात्रीचा फरक नराच्या जननेंद्रियात सापडतो. एकाची पाठ गुळगुळीत, दुसऱ्यावर दोन खोबणी. तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो.

१५/
एवढ्या बारीक भेदाने काय साधते? मक्याचा सोंडकिडा चांगला उडतो. तो शेतात उभ्या कणसावर जाऊन अंडी घालू शकतो, म्हणजे कीड शेतातूनच घरी येते. तांदळाचा सोंडकिडा तुलनेने कमी उडतो, त्याचा वावर मुख्यत्वे कोठारात. दोघांना एकच मानले तर राखण कुठे करायची, शेतात की कोठीत, हेच ठरत नाही.

ज्या काळी हे दोघे एकाच नावाखाली होते, त्या काळातल्या जुन्या नोंदी आज वाचताना अडचण येते. 'तांदळाचा सोंडकिडा' असे लिहिले आहे, पण नमुना जपून ठेवला नसेल तर तो दोघांतला कोणता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही व्यथा परिचित आहे. अस्सल कागद गेला आणि नुसती नक्कल उरली, असाच हा प्रकार.

१६/
नावाने इतिहासकाराची दिशाभूल कशी होते, याचा आणखी एक दाखला. जपानमधील जोमोन काळातल्या मातीच्या भांड्यांवर सोंडकिड्यांचे ठसे सापडले. भांडे ओले असताना किडा मातीत मळला गेला, भाजताना जळाला आणि त्याचा साचा मागे राहिला. २०११ मध्ये ओबाता आणि सहकाऱ्यांनी हे ठसे 'मक्याच्या सोंडकिड्या'चे असल्याचे प्रसिद्ध केले. सर्वांत जुने ठसे सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीचे.

पण मका तर अमेरिकेतला. कोलंबसानंतरच तो जगभर गेला. जपानमध्ये त्या काळी भातशेतीही नव्हती. हा किडा तेव्हा लोकांनी साठवलेल्या चेस्टनट आणि ओकफळांवर जगत असावा, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. नावात मका आहे म्हणून त्याचा इतिहास मक्याचा होत नाही. नाव कोणीतरी, कधीतरी, हाताशी असलेल्या नमुन्यावरून ठेवलेले असते.

१७/
भारतीय सोंडकिड्यांचा मोठा शास्त्रीय ग्रंथ १९१६ चा. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेतला हा खंड गाय मार्शल यांनी लिहिला. मार्शल यांचा जन्म १८७१ मध्ये अमृतसरला झाला. पुढे ते लंडनच्या इंपीरियल ब्युरो ऑफ एंटोमॉलॉजीचे संचालक झाले आणि आयुष्यभर त्यांनी जगभरच्या सोंडकिड्यांचे वर्णन केले. आपल्या पिकांवरच्या करड्या सोंड्यांची ओळख पटवायला तो खंड अजूनही उघडावा लागतो.

गोल्डस्मिड-विंगेटला विचारलेला दुसरा प्रश्न येथेही लागू होतो. ही पाहणी साम्राज्याच्या शेतीसाठी होती. जातीचे नाव ज्या मूळ नमुन्यावर टेकलेले असते, असे भारतातले अनेक नमुने त्यामुळे लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. आपल्या बांधावरचा किडा नेमका कोणता, याचा शेवटचा निवाडा परमुलुखातल्या पेटीपाशी होतो. पेशव्यांच्या इतिहासासाठी लंडनची दप्तरे धुंडाळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

१८/
आता या धाग्याचे सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. सोंडकिडा केवळ चोर नाही, राखणदारही होतो. साल्व्हिनिया नावाची एक तरंगती पाणवनस्पती दक्षिण अमेरिकेतून निघून आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात पसरली. केरळच्या कालव्यांत तिने होड्या अडवल्या, भातखाचरे झाकली. मूळ देशातला तिचा शत्रू आणून सोडावा, असे ठरले.

पण वनस्पतीचीच ओळख चुकली होती. तिला साल्व्हिनियाची दुसरी एक जाती समजून, त्या दुसऱ्या जातीवर राहणारा सोंडकिडा गोळा केला गेला आणि आफ्रिकेत सोडला गेला. उपयोग फारसा झाला नाही. उपद्रवी साल्व्हिनिया ही स्वतंत्र जाती आहे, हे १९७२ मध्ये स्पष्ट झाले. तिचे मूळ घर आग्नेय ब्राझीलमध्ये आहे, हे १९७८ मध्ये सापडले.

१९/
त्या मूळ घरातून ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी सोंडकिडे आणले. हा आधीचाच किडा, असे समजून १९८० मध्ये क्वीन्सलँडमधील मूनडारा तलावात ते सोडले आणि साधारण वर्षभरात तलावावरचा हिरवा थर नाहीसा झाला. मग बारकाईने पाहिले, तेव्हा कळले की हा किडा आधीचा नव्हेच. ही विज्ञानाला अज्ञात असलेली नवी जाती होती. कॅल्डर आणि सँड्स यांनी १९८५ मध्ये तिला 'सर्टोबॅगस साल्व्हिनिई' हे नाव दिले.

लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून अक्षर उमटावे, याला आपल्या परंपरेत घुणाक्षरन्याय म्हणतात. येथे किड्याच्या बाबतीत माणसांकडूनच घुणाक्षर घडले. हाच सोंडकिडा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतात आणला गेला आणि केरळचे पाणी मोकळे करण्यात त्याचा मोठा वाटा राहिला. पण प्रत्येक वेळी दैव असे साथ देत नाही. आधीची अपयशाची वर्षे चुकीच्या ओळखीने खाल्ली होती.

२०/
आणि आता घरी परत येऊ. १९८०च्या सुमारास भीमेवर उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूरची कित्येक गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरले की आजही डोके वर काढते. या जलाशयावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. मच्छीमारांची होडी चालत नाही, जाळे टाकता येत नाही, पाण्याखाली प्राणवायू घटतो. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली आणि देशभर पसरली.

तिचेही शत्रू सोंडकिडेच आहेत. 'निओकेटिना' वंशातल्या दोन जाती जलपर्णीवर जगतात. दिसायला दोघी इतक्या सारख्या की पंखकवचांवरच्या दोन काळ्या उंचवट्यांची जागा आणि लांबी पाहून त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

२१/
या दोघींपैकी एकीला नाव मिळाले ते १९७० मध्ये. अमेरिकेच्या कृषी विभागातील वॉर्नर या संशोधिकेने तिचे वर्णन केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, ती फ्लोरिडात जलपर्णीवर सोडण्यात आली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही जाती बंगळुरूला आणून, तपासून मग भारतात सोडल्या गेल्या.

नाव आधी आणि सुटका नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. परदेशातला किडा मोकळा सोडायचा तर तो जलपर्णीखेरीज आपल्या भाताला, उसाला किंवा केळीला तोंड लावणार नाही, याची खात्री हवी. ती खात्री जातीची असते, वंशाची नव्हे. दोन जाती एकमेकींत मिसळल्या, तर चाचणी एकीची होईल आणि पाण्यात जाईल दुसरी.

२२/
सोंडकिडा आणून सोडला की उजनी स्वच्छ होईल, असे मात्र मी म्हणत नाही. हे किडे सावकाश काम करतात आणि जलपर्णी झपाट्याने वाढते. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद नदीत येत राहते, तोवर किड्याने खाल्लेल्या पानाच्या जागी नवे पान फुटतच राहणार. वर शहर खत घालते आहे आणि खाली किड्याने तण खुरपायचे, हा सौदा किड्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

शोनहेर, मार्शल, वॉर्नर यांच्या कामाने आपल्याला नेमका किडा दिला. नदीचे काय करायचे, याचे उत्तर कीटकशास्त्राच्या पेटीत नाही.

२३/
इंदापुरात प्रिंगलची पाहणी फसली आणि गोल्डस्मिड-विंगेटची उभी राहिली, कारण दुसरे दोघे शेतात उतरले. तांदळाचा आणि मक्याचा सोंडकिडा वेगळे झाले, कारण कोणीतरी ठिपक्यांवर विश्वास न ठेवता आत पाहिले. साल्व्हिनियापुढे वर्षे वाया गेली, कारण तसे पाहिले गेले नाही. वर्गीकरण हे कपाटातल्या कप्प्यांना चिठ्ठ्या डकवण्याचे काम वाटते, पण त्या चिठ्ठीवर कोणाचा सारा, कोणाची कणगी आणि कोणाची होडी अवलंबून असते.

सोंडकिड्यांच्या दोन लाख अंदाजित जातींपैकी बहुसंख्य अजून बिननावाच्या आहेत. त्यांतल्या काही आपल्याच बाभळीवर, बोरीवर, ओढ्याकाठच्या गवतात असतील.

२४/
आजी आता नाही. कणगीही गेली. जोंधळा पोत्यात असतो आणि त्यात कडुनिंबाचा पाला नाहीतर विकतची गोळी पडते. परवा गावी गेलो असता पोते सोडले, तर चार सोंडे बाहेर आले. भिंगाखाली धरले. चार ठिपके दिसले, पण तेवढ्यावरून जात सांगायची नाही, एवढे आता ठाऊक होते. म्हणून ते एका लहान बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवले आणि चिठ्ठीवर गाव, तारीख आणि 'जोंधळ्यातून' असे लिहिले. नावाची जागा मोकळी ठेवली आहे.

आपल्या भागात धान्यातल्या, चिंचोक्यातल्या, रताळ्यातल्या किड्यांना काय म्हणतात, ते खाली जरूर लिहा. गावाचे नावही लिहा. कोणत्या किड्याला कुठे काय म्हणत, याचीही नोंद राहायला हवी.

धागा येथे संपतो.